शनिवारचं स्टूल

मायला नेसवायला मामाने माहेरची साडी आणली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला फॉल लावलेला नाही. दुसरा विचार आला तो पांढऱ्याचा. हा दुधी नव्हता, मोतिया नव्हता, आमच्याकडे ज्याला हाफ-व्हाइट म्हणतात त्याच्या जरा अलीकडचा होता. याला जुळणारा फॉल दुकानात वरच्या फळीवर डाव्या गठ्ठ्यात निघेल, हेसुद्धा मी ठरवून टाकलं. मग लक्षात आलं की ही साडी आता कोणी धुणार नाही आणि दुसऱ्यांदा नेसणार नाही. तरी माझे डोळे त्या उघड्या किनारीवरच होते.

बाबा गेल्यावर माय वर्षभर पांढरं नेसली आणि वर्षाच्या शेवटी मला म्हणाली, “मी मेली का मले पांढऱ्यात नोको गुंडाळू वं. एका घंट्यात मळते.” नंतर ती माझ्या दुकानातून राणी, जांभळा, मोरपंखी असे सगळे रंग घेऊन गेली आणि पांढुर्ण्याच्या गल्लीतल्या बायकांना काय बोलायचं ते बोलू दिलं. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. तो बिचारा सकाळी बातमी कळली तसा कोणाचं तरी दुकान उघडायला लावून साडी घेऊन आला होता. त्याला सांगावंसं मला वाटलंच नाही, रागही आला नाही. मायला पांढरं नेसवलं आणि मी निऱ्या धरल्या.

माझं सौंसरला मॅचिंगचं दुकान आहे. फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस, परकर, पिको. साडी दाखवा, मी रंग सांगते, आणि मी सांगितलेला पटला नाही तर दुसरं दुकान समोरच आहे. असा माझा स्वभाव. माय म्हणायची, “तुह्या दुकानात गिऱ्हाईक कपड्यासाठी नाही येत, बोलणे खायले येते.” आमची राजधानी भोपाळ, म्हणून माझी शाळा हिंदीतून झाली, दुकानाचे कागद हिंदीत, व्यापारी हिंदीत बोलणारे. मायशी मात्र सगळं मराठीत, त्यातही भांडण तर मराठीतच.

माय पांढुर्ण्याला एकटी राहायची. भाऊ भोपाळला नोकरीवर. थोडा संत्र्याचा बगीचा आहे, त्याची फळं दरवर्षी झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायची आणि खाली गळलेली संत्री तेवढी आपली. दर शनिवारी ती त्यातली पिशवीभर घेऊन बसने सौंसरला यायची. आधी ऑटोने जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला, मग दुकानात. जामसांवलीचा हनुमान आडवा झोपलेला आहे. मायचं म्हणणं, झोपलेल्या देवाला फार काही सांगू नये, त्याची झोपमोड होते. म्हणून ती हात जोडून पाच मिनिटांत बाहेर यायची आणि जे काही सांगायचं असेल ते माझ्या दुकानात येऊन मला सांगायची.

पिको मशीनच्या बाजूला एक लाकडी स्टूल आहे. शनिवारी दुपारी ते तिचं. त्यावर बसून ती संत्री सोलायची आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवायची. मी कोणाला रंग दाखवला की आधी त्या स्टुलाकडे पाहायचे. मायने नुसती मान हलवली तर ठीक. नाही तर ती फोड तोंडात टाकता टाकता म्हणायची, “हिले पोपटी देऊ नको. हे पोपटी घालीन आन् हिची सासू महिनाभर बोलीन.” आश्चर्य म्हणजे बाया ऐकायच्या. एकीने एकदा पोपटी घेतलाच हट्टाने, तर पुढच्याच आठवड्यात बदलायला आली.

लोक म्हणतात, आई मैत्रिणीसारखी होती. आमचं जरा वेगळं होतं. मायचं लग्न फार लवकर झालं आणि लगेच मी झाले. आम्ही दोघी बहिणी दिसतो, असं लोक म्हणतात, असं ती सांगायची. मी स्वतः कोणाच्या तोंडून ते ऐकलं नाही. पण मला दुसरी मैत्रीण नव्हती हे खरं. माझ्या सासूबद्दल, माझ्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल, रात्री जाग आली की मला जी भीती वाटायची तिच्याबद्दल, सगळं मी त्या स्टुलाला सांगितलेलं आहे. मायच्या पोटात इतर कोणाचं काही राहायचं नाही. माझं राहिलं.

आणि आम्ही दोघी मिळून बसायला जायचो.

आमच्याकडे कोणाच्या घरी मयत झाली की तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, होईपर्यंत ओळखीपाळखीचे लोक त्या घरी जाऊन बसतात. त्यालाच बसायला जाणं म्हणायचं. मायचा यात हात धरणारं कोणी नव्हतं. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, मधली सगळी खेडी, कुठेही नात्यात कोणी गेलं की मायला निरोप यायचाच आणि माय मला सोबत घ्यायची. याचे नियम तिने मला शिकवले. घराच्या कोपऱ्यापाशी आलं की पदर पुढे घ्यायचा आणि तिथूनच गळा काढायचा. आवाज ऐकून घरातली लेक नाही तर सून उठते, तिच्या गळ्यात पडून रडायचं. मग भिंतीशी बसायचं, गेलेल्या माणसाचं बोलायचं. निघताना मात्र काही म्हणायचं नाही. “येतो” म्हणायचं नाही. घरच्यांनीही “या” म्हणायचं नाही, दारापर्यंत यायचं नाही. अशा कामासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून. गप उठायचं, चपला शोधायच्या, चालू लागायचं. वाटेत कोणाच्या घरी जायचं नाही, थेट आपल्या घरी येऊन अंगावर पाणी घ्यायचं.

पण पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर उतरलं की आम्ही गरम आलुबोंडा खायचो. बस स्टँड काही कोणाचं घर नाही, असा मायचा कायदा होता.

तिचं रडणं ऐकायला बायका कान द्यायच्या, हे सांगायला मला काही वाटत नाही. ती मला म्हणायची, “नुसता भोंगा वाजवू नये. रडण्यात ते माणूस दिसलं पायजे.” आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात तिचं आयुष्य गेलं. ती गेली तेव्हा माय तिच्या सुनेच्या गळ्यात पडून म्हणाली, “आता माह्या भाजीत मीठ कमी हाय, हे मले कोण सांगीन वं माय!” सून रडता रडता हसली. पदराआड आणखी चारदोन बायका हसल्या आणि मग सगळ्याच जास्त रडल्या. ती म्हातारी जशी होती तशी पुन्हा खोलीत येऊन बसली होती.

एवढी जाणती बाई, पण तिच्या हातूनही एकदा चूक झाली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहगावला बाबांचा एक लांबचा भाऊ गेला. त्याच्या बायकोला आम्ही एखाद्या लग्नात पाहिलं असेल तेवढंच. आम्ही गेलो, रडलो, बसलो. बस चुकेल म्हणून माय जरा घाईने उठली, चपलेत पाय घातला आणि जशी कोणाच्याही घरून निघताना म्हणायची तशी वळून म्हणाली, “येतो वं बाई. तू पण ये एखाद्या दिवशी.”

कोणीतरी “अवो माय” म्हणून तोंडावर हात ठेवला. मी मायचं कोपर धरलं. ती विधवा बाई तोवर गुडघ्यात मान घालून बसली होती. तिने मान वर करून मायकडे पाहिलं. आम्ही बाहेर पडलो. त्या दिवशी मायने आलुबोंडा खाल्ला नाही, आणि ती खात नाही म्हणून मीही नाही.

नंतर एका सकाळी तिचा फोन आला. “मी मोहगावले जाऊन राहिली.”

“आता कायले?”

“येतो म्हणली नं मी. नाही गेली तर तो अपशकुनच राहीन. जाऊन आली का मंग तो साधा शब्द होते.”

तेरवी होऊन गेली होती. माय संत्री घेऊन गेली. त्या बाईने दार उघडलं आणि म्हणे आधी संत्रीच हातातून घेतली. मग म्हणाली की तेरवीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती, तेरवीनंतर तुम्हीच पहिल्या. तिचा मुलगा नागपूरला, घरात ती एकटी. माय त्या दिवशी तिच्या हातची भाकर खाऊन आली. पुढे जात राहिली. तीही पांढुर्ण्याला यायला लागली. माय तिला “माही मोहगाववाली” म्हणायची. एखाद्या शनिवारी माय दुकानात आली नाही, तर मोहगाववालीकडे गेली असं समजायचं. मला तिचा थोडा हेवा वाटायचा. थोडा नाही, बराच.

ही मोहगाववाली म्हणजे मायच्या अगदी उलट. बोलणं कमी, रडणं तर येतच नाही तिला. गळा काढायची वेळ आली की ती नुसती येऊन भिंतीशी बसते. माय तिला म्हणायची, “तुले बसायले नेणं म्हणजे पोतं नेणं हाय.” ती हसायची.

माय गेली तो शुक्रवार होता. थंडीचे दिवस. सकाळी चहाचं भांडं गॅसवर ठेवून ती खाटेवर बसली आणि तशीच कलंडली. शेजारच्या काकूंना जळका वास आला. मला फोन आला तेव्हा मी शटर वर करत होते. मी शटर पुन्हा खाली केलं, कुलूप लावलं, कुलूप लागलं की नाही ते ओढून पाहिलं. नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून पांढुर्ण्याला जाताना शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. त्यांच्या साड्यांचे रंग मला आजही सांगता येतील.

घराच्या दारातच दुसऱ्या दिवशीची पिशवी भरून ठेवलेली होती. माझ्याच दुकानाची पिशवी, आत संत्री. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येईल म्हणून मी ती उचलून मोरीजवळ ठेवली आणि सतरंज्या काढायला लागले.

भाऊ भोपाळहून आला आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. मामा रडला. मावशी, म्हणजे मायची धाकटी बहीण, तिची तर दातखीळ बसली, चमच्याने उघडावी लागली. मी काय केलं? मी कप मोजून ठेवले. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं आहे का ते हलवून पाहिलं. फोनवर हिंदीतून “ओम शांति” यायला लागलं, एकासारखं एक, मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मग बायका यायला लागल्या. कोपऱ्यावर गळा निघाला की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. लेक मी. उठायचं मी. मी उठायचे, दारात जायचे, येणारी माझ्या गळ्यात पडायची आणि मी तिचे खांदे हलायचे थांबण्याची वाट बघायचे. तिच्या पाठीवर माझी नजर असायची. एकीचं अस्तर उसवलेलं होतं. एकीचा ब्लाऊज मीच दिलेल्या कापडाचा होता आणि चांगला बसला होता. अशी मी उठत होते, बसत होते. डोळे कोरडे ठाक.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, धक्का बसला आहे. नंतर त्यांनी म्हणायचं थांबवलं आणि नुसते बघायला लागले. चूलबंद घरात बायकांना दुसरं काम काय असतं? मायचं रडणं साऱ्या पंचक्रोशीने ऐकलेलं, आणि तिची लेक अशी. मावशीने मला आतल्या खोलीत नेलं.

“रडून घे वं पोरी. कोंडून कायले ठेवते?”

“येऊन नाही राहिलं मावशी.”

“येत नाही म्हणजे? माय होती ते तुही.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “लेकीचं रडू नाही भेटलं तर मायचा जीव दारातच घुटमळते. असं म्हणतात.”

असं म्हणतात की मावशीने तिथेच बसून बनवलं, मला माहीत नाही. पण ते माझ्यात जाऊन बसलं. मी दाराकडे बघायला लागले. जिने पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत प्रत्येकाला रडून वाटेला लावलं, तिला रडायला मी एकटी होते, आणि माझ्याजवळ काही नव्हतं. भीती तेवढी वाटत होती. बाकी आत सगळं सुन्न, दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो तसं. चावलं तरी आपला गाल आपल्याला कळत नाही.

मी प्रयत्नही केला. न्हाणीघरात बादलीत नळ सोडला आणि मायच्या पद्धतीने सुरुवात केली, “आता मले...” पुढे काय? आता मला काय कोण सांगेल? बादली भरून वाहायला लागली तरी वाक्य सुचलं नाही. मायबद्दल मला सगळं माहीत होतं, आणि रडायला लागतं तेवढं एक वाक्य सापडत नव्हतं. मी नळ बंद केला आणि बाहेर आले. मावशीने माझ्या डोळ्यांकडे पाहून मान फिरवली.

मोहगाववाली दुसऱ्याच दिवशी आली होती. कोपऱ्यावर आवाज नाही काही नाही, एकदम दारात उभी. मी सवयीने उठले. ती माझ्या गळ्यात पडली नाही. “बस,” म्हणाली, आणि स्वतः भिंतीशी जाऊन बसली. संध्याकाळच्या बसपर्यंत बसून होती. मावशी नंतर म्हणाली की जिवाभावाची म्हणवते आणि एक टिपूस नाही, दोघी सारख्याच. दोघी म्हणजे ती आणि मी.

तेरवी झाली. पंगती उठल्या, लोक निघाले. रीत सगळ्यांना पाठ. कोणी “येतो” म्हटलं नाही. ज्याने त्याने चपला पाहिल्या आणि तो निघाला. मी माजघरात खांबाला टेकून उभी होते आणि माणसं पाठमोरी होऊन जात होती. ज्यांच्या लग्नांत माय नाचली, ज्यांच्या मयतीत रडली, ते सगळे. मला वाईट वाटलं का? मला वाटलं की आता मांडववाल्याला फोन केला पाहिजे.

शेवटी मोहगाववाली उठली. मोरीजवळ ती संत्र्याची पिशवी तशीच पडून होती, सगळ्यांच्या नजरेसमोर असून कोणी हात लावला नव्हता. तिने ती उचलली, काखेत धरली. उंबऱ्यापाशी चपलेत पाय घातला. मग वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “येतो वं बाई.”

“अवो!” मावशी ओरडलीच. “काय बोलून राहिली? तेरवीच्या घरी असं बोलते का कोणी?”

मोहगाववालीने ऐकलं की नाही कोण जाणे. ती पायऱ्या उतरून गेली. मावशीने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, “म्हातारी झाली, ध्यान राहत नाही.” ते ध्यानात ठेवूनच म्हटलेलं होतं, हे त्या घरात फक्त मला कळलं. कळलं, पण लागलं नाही. बरं, असं मनात म्हटलं आणि मांडववाल्याला फोन लावला.

भाऊ भोपाळला गेला. घराला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे आली. मी दुकान उघडलं. गिऱ्हाइकं एक दिवस जपून बोलली, मग नेहमीसारखी घासाघीस करायला लागली, ते बरं वाटलं. पहिल्या शनिवारी मी सकाळीच अस्तराच्या ताग्यांचे खोके आणून त्या स्टुलावर रचले. जागा नव्हतीच म्हणून ठेवले, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

दुपारी बसची वेळ झाली. माझं लक्ष नव्हतं, निदान मी तरी लक्ष देत नव्हते. एक बाई हिरव्या काठाची साडी घेऊन ब्लाऊजपीस बघत होती. तिला एकही पसंत पडत नव्हता आणि मी एकावर एक उलगडत होते.

“हे खोके उचल,” कोणीतरी म्हणालं.

मोहगाववाली होती. बसच्या धुळीने केस पांढरे, हातात माझ्या दुकानाची पिशवी, धुतलेली, घडी घातलेली.

“संत्रे सडून गेले सारे,” ती म्हणाली. “फेकून देल्ले. पिशवी चांगली होती, धुऊन आणली.”

मी खोके उचलून खाली ठेवले. ती स्टुलावर बसली. तिला तिथे बसता येत नव्हतं. माय भिंतीला पाठ लावून, एक पाय वर घेऊन बसायची. ही कडेवर बसली, बस आली की उठायचं असल्यासारखी.

“तुम्ही कशा काय काकू?” मी विचारलं.

“येतो म्हणली होती नं.”

एवढंच. गिऱ्हाईक बाईने गठ्ठ्यातून एक तुकडा ओढून काढला. “हा द्या,” ती म्हणाली. “पोपटी.”

मी कात्री घेतली. हात कापडावर होता आणि मान सवयीने स्टुलाकडे वळली, मायने मान हलवली की नाही ते बघायला. मोहगाववालीने माझ्याकडे पाहिलं. तिला रंगातलं काही कळत नाही.

आणि ते आलं. पोटातून आलं, मला विचारून आलं नाही. माझा तो आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता. “आता पोपटी देऊ नको म्हणून मले कोण सांगीन वं माय!” मी हातातल्या कापडात तोंड घातलं आणि भर दुपारी, शटर उघडं, रस्त्यावर माणसं, समोरचा दुकानदार बघतोय, मी मायला हाका मारून रडले. जामसांवलीच्या झोपलेल्या देवाबद्दल रडले, पांढऱ्या साडीबद्दल रडले, बिनफॉलची नेसवली वं तुले, असं काहीतरी म्हणत रडले. वाक्यं सापडत होती. एक संपलं की दुसरं येत होतं.

ती गिऱ्हाईक बाई मला ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हते. तिने साडी काउंटरवर ठेवली, पदर पुढे घेतला आणि काउंटरची फळी उचलून आत येऊन माझ्या गळ्यात पडली. तीही रडली. कोणासाठी, तिचं तिला माहीत. मोहगाववाली स्टुलावर बसून होती.

कितीतरी वेळाने आम्ही सुट्या झालो. बाईने नाक पुसलं, आपली साडी घेतली. ब्लाऊजपीस तिथेच राहिला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता, वळूनही न बघता, पायऱ्या उतरून गेली. रीत तिलाही माहीत होती.

मी चहा मागवला. मोहगाववालीने बशीत ओतून प्यायला, मग पिशवी खुंटीला अडकवली आणि चपला घातल्या.

“बस निघून जाईन,” ती म्हणाली. “येतो वं बाई.”

“या,” मी म्हटलं. “शनिवारी या.”